घर आणि शाळा : तुझे नाव काय?

एखादे मूल नव्या मुलाजवळ जाऊन 'तुझे नाव काय?' असे विचारते, तेव्हा त्याला उत्तर खरोखरच हवे असते. मैत्रीची, खेळाची आणि पुष्कळदा भांडणाचीही सुरुवात याच वाक्याने होते. म्हणून कोणतीही नवी भाषा शिकविताना पहिला धडा ओळखीचा असावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु वर्गात हाच धडा बहुधा निर्जीव होतो. शिक्षिका नाव विचारते. तिला ते हजेरीपुस्तकावरून ठाऊक असते. मूल उत्तर देते. ते उत्तर उरलेल्या चाळीस मुलांनाही ठाऊक असते. मग ते वाक्य ओळखीचे न राहता पाठांतराचे होते.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, बेंगळूरूसारख्या शहरांतील कित्येक आईवडिलांना आपल्या लहान मुलांना एखादी परकीय भाषा, विशेषतः स्पॅनिश, शिकवावी असे वाटू लागले आहे. या इच्छेत गैर काहीच नाही. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा असून सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांतून ज्या परकीय भाषा शिकविता येतील असे म्हटले आहे, त्यांत फ्रेंच, जर्मन, जपानी, रशियन इत्यादींबरोबर स्पॅनिशचाही उल्लेख आहे. मात्र तो माध्यमिक शाळांच्या संदर्भात आहे, हे ध्यानात ठेवावे. त्याच धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषा किंवा घरची भाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, अशी शिफारस आहे. तेव्हा पाच-सात वर्षांच्या मुलासाठी स्पॅनिश हा विषय नव्हे. तो एक खेळ आहे. तो खेळ म्हणूनच कसा खेळावा, याचा विचार आपण करू.

बेंगळूरूचा प्रयोग

भाषा कशी शिकवावी या प्रश्नाशी बेंगळूरूचा संबंध जुना आहे. दक्षिणेकडील राज्यांतील इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्यासाठी १९६३ मध्ये येथे प्रादेशिक इंग्रजी संस्था स्थापन झाली. त्या काळी वाक्यरचनांची क्रमवार मांडणी करून एकेक रचना मुलांकडून वारंवार म्हणवून घ्यावी, अशी पद्धत दक्षिण भारतातील शाळांतून रूढ होती. मुले वर्गात वाक्ये बिनचूक म्हणत. परंतु वर्गाबाहेर त्यांचा उपयोग करण्याची वेळ आली की गप्प होत. हा अनुभव पुष्कळ शिक्षकांना येऊ लागला होता.

या अनुभवातूनच १९७९ मध्ये एन. एस. प्रभू आणि त्यांचे सहकारी यांनी एक वेगळा प्रयोग हाती घेतला. १९८४ पर्यंत चाललेला हा प्रयोग 'बेंगलोर प्रकल्प' या नावाने जगभरच्या भाषाशिक्षकांत प्रसिद्ध झाला. त्यामागचा विचार साधा होता. मुलाचे मन वाक्याच्या घडणीवर नसून अर्थावर असते, काहीतरी शोधण्यात किंवा सोडविण्यात ते गुंतलेले असते, तेव्हा भाषा त्याच्या अंगी अधिक चांगली मुरते. म्हणून या वर्गांतून व्याकरणाच्या धड्यांऐवजी कोडी असत. आगगाडीचे वेळापत्रक पाहून कोणती गाडी सोयीची ते ठरवावयाचे, नकाशावरून वाट शोधावयाची, अशी त्यांची धाटणी होती. शिक्षक प्रथम सर्वांसमोर एक प्रश्न सोडवून घेत. नंतर त्याच जातीचा दुसरा प्रश्न मुले आपापली सोडवीत. पूर्ण वाक्यातच बोलले पाहिजे असा आग्रह नसे. एका शब्दात उत्तर दिले तरी चाले. वर्गातील निदान निम्म्या मुलांना निदान निम्मे काम जमावे, एवढे सोपे आणि तेवढेच कठीण काम द्यावे, असा प्रभूंचा ठोकताळा होता.

या प्रकल्पाचे पुढे स्वतंत्र परीक्षण झाले. नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुले रचनांच्या परीक्षेत सरस ठरली, तर प्रकल्पातील मुले कोड्यांच्या परीक्षेत. आणि कोणत्याही एका पद्धतीकडे न झुकणाऱ्या परीक्षांत प्रकल्पातील मुलांचे पारडे बहुतांशी जड राहिले. प्रभूंनी आपले विचार १९८७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

प्रभूंची मुले स्पॅनिश शिकत नव्हती, आणि त्यांतील बहुतेक आपल्या बालवाडीतील मुलांपेक्षा वयाने मोठी होती. तरीही त्यांच्या विचारातील एक गोष्ट आपल्याला जशीच्या तशी उचलता येते. एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला ठाऊक नाही, अशी काहीतरी उणीव दोघांच्या मध्ये असली पाहिजे. ती भरून काढण्यासाठी बोलावे लागले, की बोलणे खरे होते.

मराठी मुलाची शिदोरी

खेळांकडे वळण्यापूर्वी आपल्या मुलांजवळ आधीच काय आहे, ते पाहू. या मासिकाची पाने एका भाषेतून दुसरीत आणण्याचे काम करणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. इंग्रजी हीच सर्व परकीय भाषांची किल्ली आहे, ही समजूत बरोबर नाही. स्पॅनिशच्या बाबतीत तर मराठीची वाट पुष्कळदा अधिक जवळची आहे.

प्रथम उच्चार घ्या. स्पॅनिशमधील 'त' आणि 'द' हे आपल्या 'त' आणि 'द' सारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने तेथे 'ट' आणि 'ड' म्हणावयाचे कारण नाही. अ, ए, इ, ओ, उ या पाच स्वरांवर सगळी भाषा उभी आहे. स्पॅनिशमध्ये एकेरी संबोधनाचा शब्द 'तू' हाच आहे. अर्थही तोच आणि उच्चारही तोच. हा योगायोग नव्हे. दोन्ही भाषांचे मूळ कुल एक असल्याची ती खूण आहे. दोन, सहा, सात, आठ, नऊ, दहा यांना स्पॅनिशमध्ये दोस, सेइस, स्येते, ओचो, न्वेबे, द्येस म्हणतात, हे ऐकून मुले हसतात आणि मग विसरत नाहीत.

गोव्याच्या पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले काही शब्दही येथे भेटतात, कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी आहेत. आपण ज्याला पाव म्हणतो, तो स्पॅनिशमध्ये 'पान' होतो. आपला पगार ज्या क्रियापदापासून आला, ते 'पगार' हे क्रियापद स्पॅनिशमध्येही पैसे देणे या अर्थाने जसेच्या तसे आहे.

वाक्यांच्या घडणीत हे साम्य अधिक खोल आहे. 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो' असे होते. आंबे अनेक झाले की आपण 'आवडतात' म्हणतो. स्पॅनिश मूलही 'गुस्ता'चे 'गुस्तान' करते. मराठी मुलगा 'मी दमलो' म्हणतो आणि मुलगी 'मी दमले' म्हणते. स्पॅनिश मुलगा 'एस्तोय कान्सादो' म्हणतो आणि मुलगी 'एस्तोय कान्सादा'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे नियम समजावून द्यावे लागतात. मराठी मुलाला नुसते 'आपल्यासारखेच' एवढे सांगितले तरी पुरते. मोठ्यांसाठी आदराचा निराळा शब्द 'उस्तेद' आहे, याचेही आपल्या मुलांना नवल वाटत नाही. कोणाला 'तू' म्हणावे आणि कोणाला 'तुम्ही', हे ती घरी शिकलेलीच असतात.

चार खेळ

खेळांसाठी लागणारी वाक्ये थोडी आहेत. 'ओला' म्हणजे नमस्कार. 'कोमो ते यामास?' म्हणजे तुझे नाव काय? 'मे यामो मीरा' म्हणजे माझे नाव मीरा. शब्दशः पाहिले तर, मी स्वतःला मीरा म्हणते. 'इ तू?' म्हणजे आणि तुझे? 'मुचो गुस्तो' म्हणजे भेटून फार आनंद झाला. एका आठवड्यात यांपैकी दोन-तीन वाक्ये पुरेत.

पहिला खेळ जोडीदार शोधण्याचा. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून चिठ्ठ्या कराव्यात. प्रत्येक नाव दोन चिठ्ठ्यांवर लिहावे. नावे मुलांची नसावीत. पेद्रो, लुसिया, मारिया, होसे अशी स्पॅनिश नावे घ्यावीत. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी नावाबरोबर चित्र काढावे आणि चिठ्ठी देताना नाव कानात सांगावे. चिठ्ठी कोणाला दाखवावयाची नाही. मुले वर्गभर हिंडून एकमेकांना 'कोमो ते यामास?' विचारतात, आणि आपल्याच नावाचा दुसरा भेटला की हात धरून खाली बसतात. येथे प्रत्येक उत्तर अनपेक्षित असते. एकच वाक्य मूल आठ-दहा वेळा उच्चारते आणि तरी त्याला कंटाळा येत नाही, कारण त्याचे लक्ष वाक्याकडे नसून जोडीदाराकडे असते.

दुसरा खेळ आंधळ्या कोशिंबिरीचा. डोळे बांधलेले मूल मध्ये उभे राहते. कोणीतरी त्याच्यासमोर येते. मूल नाव विचारते, आणि समोरचा आवाज बदलून 'मे यामो...' म्हणत स्वतःचे किंवा दुसऱ्याचेच नाव सांगतो. नाव खरे वाटले तर 'सी', खोटे वाटले तर 'नो' म्हणावयाचे. लाजरी मुले स्वतःच्या आवाजात बोलत नाहीत, पण अस्वलाच्या आवाजात आनंदाने बोलतात, हे शिक्षकांच्या ध्यानात येईल.

तिसरा खेळ मुठीतल्या वर्षांचा. स्पॅनिशमध्ये वय 'असते', म्हणजे ते जवळ बाळगावयाचे असते. 'तेंगो सेइस आन्योस' या वाक्याचा शब्दशः अर्थ 'माझ्यापाशी सहा वर्षे आहेत' असा होतो. मग ही वर्षे मुलांच्या हाती द्यावीत. दोनपासून दहापर्यंत कितीही चिंचोके मूल मुठीत लपविते. दुसरा विचारतो, 'क्वान्तोस आन्योस त्येनेस?' म्हणजे तुझ्यापाशी किती वर्षे आहेत? उत्तर ऐकून मूठ उघडावयाची आणि दोघांनी मिळून चिंचोके मोजावयाचे. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी भोवतालच्या साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. विकतच्या साधनांवाचून अडत नाही, हा त्यांचा धडा येथेही लागू पडतो.

चौथा खेळ आगगाडीचा असून थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. बेंगळूरूहून मुंबईला जाणारी उद्यान एक्सप्रेस गुंटकल, रायचूर, वाडी, कलबुर्गी, सोलापूर, पुणे अशी जाते. भिंतीवर या मार्गाचे रेखाचित्र लावावे आणि एकेका मुलाला एकेका स्थानकाची चिठ्ठी गुपचूप द्यावी. गार्ड झालेले मूल प्रत्येकाला विचारते, 'दे दोन्दे एरेस?' म्हणजे तू कोठला? उत्तर येते, 'सोय दे सोलापूर.' गार्डाने सर्वांना स्थानकांच्या क्रमाने उभे करून गाडी जुळवावयाची. येथे नुसते ऐकून भागत नाही. ऐकलेले डोक्यात धरून विचार करावा लागतो. प्रभूंना अशीच कोडी अधिक पसंत होती.

सर्वजण एकाच पायरीवर

आता या खेळांचा एक मोठा लाभ सांगावयाचा आहे. बेंगळूरूच्या एखाद्या वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक घरांतील मुले एकत्र बसतात. समजा, सोलापूरकडील एक मुलगी वर्षाच्या मध्येच अशा वर्गात आली. तिला कन्नड येत नाही, इंग्रजीही जेमतेम. इंग्रजी सफाईने बोलणारी दोन-चार मुले वर्गात पुढे असतात आणि ती मागच्या बाकावर मुकी होऊन बसते. तिची बुद्धी मंद नसते. तिची भाषा फक्त त्या खोलीत कोणाला ठाऊक नसते.

अशा वर्गात अर्धा तास स्पॅनिशचा खेळ आला, तर काय होईल? त्या अर्ध्या तासात कोणाचीही भाषा दुसऱ्याच्या भाषेहून श्रेष्ठ नसते. सर्वजण पहिल्याच पायरीवर उभे असतात. 'कोमो ते यामास?' हे जितके तिला नवे, तितकेच पहिल्या बाकावरच्या मुलालाही नवे. 'तू' आणि 'मे गुस्ता' यांच्या बाबतीत तर तीच कदाचित त्याच्या एक पाऊल पुढे असेल. मुलाच्या मनाला अशा अर्ध्या तासाची किंमत किती असते, हे परगावी शाळा बदललेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

परंतु एवढ्यावर थांबू नये. तोच जोडीदाराचा खेळ दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये खेळावा. 'निन्न हेसरु एनु?' म्हणजे तुझे नाव काय. 'नन्न हेसरु मीरा' म्हणजे माझे नाव मीरा. कन्नड ही द्राविड कुलातील भाषा. तरी 'ननगे माविनहण्णु इष्ट' या वाक्यातील 'ननगे' म्हणजे आपले 'मला'च. कर्नाटकातील शाळांतून कन्नड शिकविण्याचा कायदा २०१५ मध्ये झाला आहे, म्हणून ती भाषा मुलांना शिकावी तर लागेलच. पण कायद्याने आलेला विषय आणि जिन्यात भेटलेल्या मित्राशी बोलण्याची भाषा यांत फरक आहे. तिसऱ्या दिवशी खेळ मराठीतून व्हावा. त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलगी शिक्षिका होईल, आणि सर्व वर्ग तिच्या तोंडाकडे पाहून 'तुझे नाव काय?' म्हणावयास शिकेल. मग तमिळ, मग तेलुगू, मग उर्दू.

आईवडिलांस दोन शब्द

घरी हे खेळ खेळताना काही पथ्ये पाळावीत. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. खेळ चालू असताना चूक सुधारू नये. मुलाने 'यामास'च्या जागी 'यामो' म्हटले, तर आपण आपल्या पाळीला तेच वाक्य बरोबर म्हणावे. काही मुले कित्येक दिवस नुसती ऐकतात आणि चिठ्ठी दाखवून काम भागवितात. त्यांना बोलावयास भाग पाडू नये. ती आत साठवीत असतात. लेखनाची घाई तर मुळीच नको. मात्र प्रश्नवाक्याच्या आरंभी उलटे प्रश्नचिन्ह काढण्याची स्पॅनिश रीत मुलांना अवश्य दाखवावी. तेथील राजमान्य भाषा अकादमीने १७५४ मध्ये घालून दिलेली ही रीत आहे, आणि ते डोक्यावर उभे राहिलेले चिन्ह पाटीवर काढण्यात मुलांना भारी मौज वाटते.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य पाहुण्यांचे. 'बाळ, काकांना स्पॅनिश म्हणून दाखव' हे वाक्य आपण मोठ्या कौतुकाने उच्चारतो. पण काकांना स्पॅनिश येत नाही, आणि बाळाचे नाव त्यांना बारशापासून ठाऊक आहे. त्या क्षणी ओळखीचे वाक्य पुन्हा निर्जीव होते, आणि मूल भाषेऐवजी प्रदर्शन शिकते. काकांनाच एक चिठ्ठी द्यावी आणि पेद्रो होऊन खेळात बसवावे. मूल त्यांना 'उस्तेद' म्हणते की 'तू', तेही मग पाहता येईल.

त्याच वेळी आपणही आपल्याला एक प्रश्न विचारावा. आपल्या मजल्यावर राहणाऱ्या कन्नड कुटुंबातील मुलांची नावे आपल्या मुलाला ठाऊक आहेत काय? गावाकडील आजीचा फोन आला म्हणजे ते तिच्याशी मराठीत चार वाक्ये बोलते काय? ही उत्तरे 'नाही' अशी असतील, तर स्पॅनिश सोडून देण्याचे कारण नाही. तो खेळ या दोन दारांपर्यंत न्यावा, एवढेच. मुलाने शेजारच्या दारावर टकटक करून 'निन्न हेसरु एनु?' असे विचारावे, आणि आतून येणारे उत्तर त्याने आधी कधीच ऐकलेले नसावे.